शर्यत आणि शर्त

भातकापणी आटोपून खाचरे मोकळी झाली की कल्याण ग्रामीण, मलंगगडाचा पायथा, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड, भिवंडी या पट्ट्यात बैलगाड्यांच्या शर्यतींचे दिवस सुरू होतात. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत या शर्यतीचा जो प्रकार विशेष लोकप्रिय आहे त्याला बिनजोड म्हणतात. दोनच छकडे, दोन मालक, दोन गावे आणि मध्ये एक झेंडा. प्रत्यक्ष धाव क्षणांत संपते. वाद मात्र त्यानंतर सुरू होतो आणि पुष्कळदा सूर्यास्तापर्यंत चालतो. झेंडा पडण्याआधीच गाडी सोडली. आपली पट्टी सोडून समोरच्याच्या पट्टीत गाडी घातली. मधल्या टप्प्यावर उभ्या असलेल्या माणसाने धावत येऊन बैलांना हाकारले. गाडीवानाच्या मुठीत खिळा होता. रेषेवर कोणाचे जू आधी आले ते पंचाने नीट पाहिलेच नाही. अशा तक्रारींपैकी एखादी तरी प्रत्येक मैदानात ऐकू येते.

बहुतेक वाद शिवीगाळीवर मिटतात. काही मिटत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात बैलगाडा शर्यतीच्या वादातून दोन गट समोरासमोर आले आणि भर दिवसा गोळीबार झाला. पोलिसांनी गुन्हे नोंदवले, अटका झाल्या, वृत्तपत्रांत चार दिवस मथळे आले. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. ते आपण येथे करणार नाही. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. ज्या गोष्टीला सारे जण खेळ म्हणतात, तिच्यातला नियम मोडला गेला की माणसाचे रक्त इतके का उसळते? आणि ज्याचा अल्लाहवर व अंतिम दिनावर ईमान आहे, त्याने अशा वादात कोठे उभे राहावे?

काही वाचकांना वाटेल की धार्मिक मासिकात बैलगाडीचे काय काम. परंतु आपल्या वस्त्यांतील तरुण या मैदानांवर जातात ही वस्तुस्थिती आहे. दूधनाक्यापासून मुंब्रा-कौशापर्यंत भ्रमणध्वनीवर या शर्यतींची चित्रणे पाहिली जातात, आवडत्या बैलांची नावे मुलांना तोंडपाठ असतात. शिवाय इस्लामच्या इतिहासाला हा विषय मुळीच अपरिचित नाही. किंबहुना शर्यतीतल्या लबाडीतून किती अनर्थ घडू शकतो, याची सर्वांत मोठी कहाणी अरबस्तानातीलच आहे.

इस्लामपूर्व काळात, ज्याला आपण जाहिलियतचा काळ म्हणतो, अब्स आणि जुब्यान या दोन टोळ्या होत्या. दोन्ही एकाच मूळ पुरुषाच्या वंशातल्या, म्हणजे परस्परांच्या भाऊबंद. अब्सचा सरदार कैस बिन जुहैर याच्याकडे दाहिस नावाचा घोडा होता. जुब्यानच्या बाजूने हुजैफा बिन बद्र याने आव्हान दिले. दाहिस आणि गबरा नावाची घोडी यांच्यात शर्यत ठरली, उंटांची पैज लागली. धावण्याचे अंतर ठरले, रेषा ठरली. एक गोष्ट मात्र हुजैफाने कोणाला सांगितली नाही. वाटेतल्या एका घळीत त्याने आपली माणसे दबा धरून बसवली होती. दाहिस पुढे निघालेला दिसताच त्यांनी त्याला अडवले, तोंडावर फटके मारून मागे वळवले. निकाल उलटा लागला. लबाडी उघड झाली तेव्हा पैजेचे उंट कोणी कोणाला द्यायचे यावर तंटा पेटला, मग एक खून, त्याच्या बदल्यात दुसरा, आणि परंपरा सांगते की ते युद्ध चाळीस वर्षे चालले. ज्या मुलांचा शर्यतीच्या दिवशी जन्मही झाला नव्हता ती मुले त्यात मारली गेली. अखेर हरिम बिन सिनान आणि हारिस बिन औफ या दोन सज्जनांनी मृतांचा रक्तमोबदला स्वतःच्या कळपांतून भरला तेव्हा तलवारी म्यान झाल्या. त्यांच्या या कृत्याची स्तुती जुहैर या कवीच्या मुअल्लका नावाच्या प्रसिद्ध दीर्घकाव्यात आहे.

या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती घळ. शर्यतीची सुरुवात सर्वांनी पाहिली, शेवट सर्वांनी पाहिला. लबाडी मधल्या अशा जागी झाली जेथे कोणाची नजर पोहोचत नव्हती. आजच्या मैदानावर ड्रोन उडतो, चार बाजूंनी चित्रण होते, तरी घळ नाहीशी झालेली नाही. ती आता गाडीवानाच्या मुठीत आहे, गोठ्यात आदल्या रात्री टोचलेल्या सुईत आहे, आणि पंचाच्या कानाशी झालेल्या कुजबुजीत आहे.

अशा समाजात प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आगमन झाले. शर्यतीपायी चाळीस वर्षे रक्त सांडलेल्या लोकांना शर्यतच हराम आहे असे सांगितले असते तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते. तसे झाले नाही. माननीय अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांनी कथन केलेली आणि सहीह बुखारीत नोंदलेली हदीस आहे की प्रेषितांनी (स.) स्वतः घोड्यांच्या शर्यती लावल्या. जे घोडे खास तयार केलेले होते, म्हणजे ज्यांना आधी भरपूर चारून मग खुराक कमी करत, झुली घालून, घाम काढून सडपातळ केले होते, त्यांची धाव हफ्यापासून सनीयतुल-वदापर्यंत ठेवली. हे अंतर पाच-सहा मैलांचे. जे घोडे असे तयार केलेले नव्हते त्यांच्यासाठी सनीयतुल-वदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत सुमारे एक मैलाचीच धाव. इब्ने उमर (र.) स्वतः या शर्यतीत उतरले होते.

या छोट्याशा नोंदीत किती गोष्टी आहेत ते पाहावे. सुरुवातीची जागा जाहीर, शेवटची जागा जाहीर. तयार घोड्याची गाठ तयार घोड्याशी, साध्याची साध्याशी. दुर्बलाला बलवानापुढे उभे करून त्याची फजिती पाहण्याची सोय नाही, आणि ज्या जनावराची छाती एका मैलाची आहे त्याला सहा मैल फोडायचे नाही. जाहिलियतची शर्यत आणि ही शर्यत दिसायला सारखीच; धूळ तीच, टापांचा आवाज तोच. फरक अटींमध्ये आहे.

मराठीतला शर्यत हा शब्दच अरबी ‘शर्त’ या शब्दाच्या घरचा आहे. शर्त म्हणजे अट. शर्थ हाही त्याच घरातला. जो शर्यतीत उतरतो तो बैल जुंपण्याआधी एक अट जुंपतो. मी या रेषेवरून सुटेन, या पट्टीतून धावेन, या गोष्टी करणार नाही, असा त्याने समोरच्याशी करार केलेला असतो. कोणी तो लिहून घेतो, कोणी घेत नाही. झेंड्याखाली गाडी उभी करणे हीच त्याची सही. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानधारकांना करार पाळण्याची आज्ञा आहे, आणि अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांतील एका हदीसमध्ये मुस्लिम हे आपापल्या अटींना बांधलेले असतात असे सांगितले आहे. हलालला हराम आणि हरामला हलाल करणारी अट तेवढी त्यातून वगळली आहे. खेळातला करार वगळलेला नाही. म्हणून अरे, खेळात एवढे चालायचेच, हे वाक्य ऐकताना फार सोपे वाटते, पण शरीअतमध्ये त्याला आधार शोधू गेल्यास मिळत नाही. खेळ ऐच्छिक असतो. त्यात दिलेला शब्द ऐच्छिक नसतो.

शर्यतीतील नियमभंगाविषयी तर प्रेषितांची (स.) थेट शिकवण आहे आणि ती आपल्या मैदानांना थक्क करणारी इतकी लागू पडते. माननीय इम्रान बिन हुसैन (र.) यांच्या कथनात शर्यतीच्या संदर्भात जलब आणि जनब या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. हदीसच्या भाष्यकारांनी अर्थ दिला आहे तो असा: जलब म्हणजे आपल्या घोड्याच्या मागे एखादा माणूस ठेवून त्याच्याकरवी आरडाओरड करून घोड्याला पळवणे. जनब म्हणजे धावत्या घोड्याच्या कडेने दुसरा ताजा घोडा न्यायचा आणि पहिला दमला की त्यावर उडी मारायची. (हेच दोन शब्द जकातीच्या प्रकरणातही येतात, तेथे त्यांचा अर्थ वेगळा आहे, ती चर्चा येथे नको.) दोन्ही युक्त्यांत घोडा खरोखरच धावतो, रेषाही खरोखरच ओलांडली जाते. तरीही मनाई आहे, कारण ज्या गोष्टीची परीक्षा ठरली होती तिच्या जागी दुसरीच गोष्ट पुढे केली जाते. घोड्याचा वेग पाहायचा होता. दिसला तो माणसांचा गोंगाट. मधल्या टप्प्यावर उभे राहून बैलांच्या अंगावर धावून जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना चौदाशे वर्षांपूर्वीच अरबीत नाव मिळालेले आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आणखी एक कथन आहे. त्याची सनद दुर्बल असल्याचे हदीसतज्ज्ञांनी नोंदवले आहे, म्हणून त्यावर कायदा उभा करता येत नाही. तरी शर्यतीच्या पंचाने काय करावे याची जुन्या लोकांची समज त्यातून कळते. माननीय अली (र.) यांच्यावर शर्यतींची देखरेख सोपवली गेली, तेव्हा शेवटच्या रेषेच्या दोन टोकांना दोन माणसे उभी करावीत, घोड्यांना त्यांच्या मधून जाऊ द्यावे, एखादा घोडा नुसत्या कानाच्या टोकाने पुढे असला तरी त्याला विजयी मानावे आणि त्या दोघांनाही शंका राहिली तर बक्षीस निम्मे-निम्मे वाटावे, अशी व्यवस्था त्यात सांगितली आहे. शंका असेल तेथे शंका मान्य करायची. आपल्याकडे पंचाने नीट दिसले नाही असे म्हणणे म्हणजे पंचगिरीचा अपमान समजतात, आणि म्हणून न दिसलेल्या गोष्टीचा निकालही मोठ्या आवाजात दिला जातो.

पैशाचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. बिनजोडमध्ये दोन मालकांनी परस्परांविरुद्ध रकमा लावणे, आणि प्रेक्षकांनी बाहेरच्या बाहेर पैजा घेणे, हा उघड जुगार आहे. देशाच्या कायद्यातही तो गुन्हा आहे. सूरह माइदाच्या नव्वदाव्या व एक्क्याण्णवाव्या आयतींत मद्य व जुगार यांना सैतानी कृत्य ठरवताना एक कारण स्पष्ट दिले आहे: सैतान त्यांच्याद्वारे तुमच्यात शत्रुत्व आणि द्वेष पेरू इच्छितो. ज्याला अंबरनाथच्या बातमीचा अर्थ हवा असेल त्याने ही आयत पुन्हा वाचावी. पैज नसेल तर पंचाची चूक ही चूक असते. पैज असेल तर तीच चूक चोरी वाटते, कारण तिच्यामुळे खिशातले पैसे गेलेले असतात. बक्षिसाबाबतही एक बारकावा आहे. बक्षीस घेण्यास योग्य अशा शर्यती हदीसमध्ये तीन सांगितल्या आहेत: बाणाची, उंटाची आणि हाफिरची. हाफिर म्हणजे अखंड खुराचे जनावर, घोड्यासारखे. बैलाचा खूर दुभंगलेला. तेव्हा बैलांच्या शर्यतीतील बक्षिसाचा प्रश्न आपण समजतो तितका सरळ नाही. कोकणी मुस्लिम शाफई मसलकचे आहेत, इतर बांधव बहुतांशी हनफी. प्रत्येकाने आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून मगच त्या पैशाला हात लावावा.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. समजा पैज नाही, बक्षीस एखाद्या गावाने ठेवलेले आहे, पंच प्रामाणिक आहे. गाडीवानाने काहीतरी केले, ते पंचाला दिसले नाही, समोरच्याने तक्रार केली, पुरावा मिळाला नाही, निकाल कायम राहिला. मालकाला मात्र ठाऊक आहे. त्याला ढाल मिळाली, गुलाल उधळला गेला. पंचांनी निकाल दिला, आता विषय संपला, असे त्याने म्हणावे काय?

जगातले बहुतेक क्रीडानियम येथेच थांबतात. पंचाचा निर्णय अंतिम. हे योग्यही आहे, कारण कोठेतरी थांबल्याशिवाय खेळ चालणार नाही. परंतु माननीय उम्मे सलमा (र.) यांनी कथन केलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली हदीस या ठिकाणी आपल्याला थांबू देत नाही. प्रेषितांनी (स.) सांगितले की मी माणूसच आहे; तुम्ही माझ्याकडे वाद घेऊन येता, तुमच्यापैकी एखादा बोलण्यात अधिक पटाईत असतो आणि मी ऐकलेल्यावरून निकाल देतो; तेव्हा मी ज्याला त्याच्या भावाच्या हक्कातले काही देऊन टाकले त्याने ते घेऊ नये, कारण मी त्याला अग्नीचा तुकडा कापून देत असतो. हा निकाल कोणा गावच्या पंचाचा नव्हे. खुद्द अल्लाहच्या प्रेषितांसमोरील निकालाने सुद्धा दुसऱ्याचा हक्क आपला होत नाही, तर झेंडा हलवणाऱ्या पंचाच्या निकालाने तो कसा होईल? पंच वाद संपवतो. हक्क हस्तांतरित करण्याचा अधिकार त्याला नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. लोक म्हणतात, समोरचाही तेच करतो; आम्ही एकट्यानेच नियम पाळले तर हरत राहू, आणि चांगली माणसे हरत राहिली की मैदान लबाडांच्याच हाती जाईल. यातला दुसरा भाग खरा आहे. प्रामाणिक माणसांना बाहेर ढकलणारे मैदान वाईटच होत जाते. पण त्यावरचा उपाय तक्रार करणे, नियम कडक करवून घेणे, न जमल्यास त्या मैदानावर गाडी न नेणे हा आहे. समोरच्याने मापात मारले म्हणून आपणही मारावे, ही परवानगी सूरह मुतफ्फिफीनमध्ये कोठेही नाही. ती सूरह ज्यांच्या सर्वनाशाची घोषणा करते त्यांचे वर्णन नेमके असे आहे की घेताना ते पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात. तराजूच्या जागी नियम ठेवून पाहा. दुसऱ्याच्या गाडीने पट्टी सोडली की आपण हातभर अंतरही मोजतो. आपल्या गाडीने सोडली की बैल आहे, जनावर आहे, सरकायचेच. मुंब्र्यातल्या टर्फवर चेंडूफळी खेळणारी दहा वर्षांची मुलेही हेच मोजमाप शिकलेली दिसतात, आणि ते त्यांना कोणी शिकवले याचा शोध घेण्यासाठी घराबाहेर जावे लागत नाही.

पाश्चात्त्य देशांत, अमेरिका, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया येथे घोडागाडीच्या शर्यतीचा एक प्रकार आहे. दोन चाकांच्या हलक्या गाडीला घोडा जुंपतात आणि त्याने ठरलेल्या चालीनेच, म्हणजे दुडक्या चालीने किंवा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत धावायचे असते. चौखूर उधळायची परवानगी नाही. घोड्याची चाल मोडली तर हाकणाऱ्याने स्वतः लगाम खेचून त्याला मागे घ्यायचे, चाल दुरुस्त करायची, आणि मोडलेल्या चालीत मिळालेला फायदा ठेवायचा नाही. त्याने तसे केले नाही तर पंच त्याचा क्रमांक खाली नेतात. यावरून तेथे पुष्कळ तंटे होतात. सट्टा तेथेही आहे, म्हणून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तो एक नियम विचार करण्याजोगा आहे. ऐन धावेत, पुढे असताना, लोक ओरडत असताना, ज्याच्या हातात लगाम आहे त्यानेच आधी स्वतःविरुद्ध निकाल द्यायचा. सूरह निसाच्या एकशे पस्तिसाव्या आयतीत न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा नातेवाइकांविरुद्ध का असेना, असा जो आदेश आहे, त्याचे लगाम हातात घेतलेल्या माणसाला समजेल असे हे उदाहरण म्हणता येईल.

आणि साक्षीचा हा प्रश्न गाडीवानापुरता राहत नाही. मैदानावर शेकडो माणसे उभी असतात. नियम कोणी मोडला ते पंचाला दिसले नसले तरी त्यांच्यापैकी वीस जणांनी पाहिलेले असते. मग विचारणा होते आणि वीसही जण आपापल्या गावाकडे पाहतात. आगरी, कोळी, कुणबी, मुस्लिम, सर्व जातीधर्मांचे लोक या मैदानांवर एकत्र असतात, ही त्या मैदानांची चांगली बाजू आहे. पण तंटा झाला की क्षणात माणसे आपल्या-आपल्या बाजूला सरकतात. अशा वेळी मुस्लिम तरुणाने आपल्या मोहल्ल्यातील मित्राच्या गाडीविरुद्ध, दुसऱ्या धर्माच्या गाडीवानाच्या बाजूने खरे सांगावे काय? सूरह निसाच्या एकशे पाचव्या आयतीपासून पुढे ज्या आयती आहेत, त्यांच्या पार्श्वभूमीविषयी कुरआनच्या भाष्यकारांनी एक घटना सांगितली आहे. मदीनेतील एका मुस्लिम म्हणवणाऱ्या माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुदी माणसावर घातला. चोराचे भाऊबंद एक झाले, त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही देऊ लागले. तेव्हा विश्वासघातक्यांच्या वतीने भांडू नका असा आदेश उतरला आणि यहुदी निर्दोष ठरला. त्या काळी मुस्लिमांना मदीनेत आपल्या माणसांची एकजूट किती गरजेची होती याचा विचार केला म्हणजे या आयतींचे वजन कळते. आपल्या माणसाची लाज राखणे हा तेथे मुद्दाच धरलेला नाही.

आतापर्यंत दोन मालकांच्या हक्काविषयी बोललो. शर्यतीत तिसराही एक पक्ष असतो आणि त्याला तक्रार करता येत नाही. आपल्या देशात या पक्षासाठी बराच काळ न्यायालयीन लढाई चालली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून आणि नियम आखून शर्यतींना वाट करून देण्याचा प्रयत्न केला, तो मुंबई उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळण्याच्या अटीवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, आयोजकाची अनामत रक्कम आवश्यक आहे; धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब असता कामा नये; काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारे साधन यांना बंदी आहे. बैलाला इजा करणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आज जी शर्यत होते ती मुळातच एका अटीवर उभी आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दिलेला तो शब्द आहे.

मैदानातल्या तक्रारींकडे या दृष्टीने पाहिले तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. समोरच्या गाडीवानाने खिळा वापरला अशी तक्रार होते ती त्याची गाडी जिंकल्यावर. तोच खिळा वापरून तो हरला असता तर कोणी तोंड उघडत नाही. आपल्याच गाडीवानाने तो वापरला तर पाहणारे दहा जण हसतात. तेव्हा आक्षेप बैलाच्या रक्ताविषयी नसतोच, हुकलेल्या ढालीविषयी असतो. बुखारीमध्ये माननीय अबू हुरैरा (र.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. कोणी एक माणूस गाय-बैलापैकी एक जनावर हाकत नेत असता त्यावर बसला आणि त्याला मारू लागला. ते जनावर वळून म्हणाले की आम्ही यासाठी निर्माण झालेलो नाही, आम्ही शेतीसाठी निर्माण झालो आहोत. ऐकणारे लोक नवलाने उद्गारले, जनावर बोलते! प्रेषितांनी (स.) सांगितले की माझा यावर विश्वास आहे, आणि अबू बकर व उमर यांचाही. ते दोघे त्या वेळी तेथे उपस्थितही नव्हते. बैलाला शेतीखेरीज दुसरे कामच लावू नये असा कायदा यावरून फकीहांनी काढलेला नाही. पण लोकांचे लक्ष जनावर बोलले या नवलाकडे गेले, आणि प्रेषितांनी (स.) त्याचे बोलणे खरे मानले, हा फरक विसरता येत नाही. बैलाची साक्ष त्यांनी स्वीकारली, आणि आपल्या दोन जवळच्या साथीदारांनाही त्या साक्षीच्या बाजूला उभे केले.

हरण्याचे काय, हा प्रश्न उरतो. कारण नियमभंगाच्या मुळाशी हरण्याची भीती असते. प्रेषितांची (स.) अजबा नावाची सांडणी कोणाला मागे टाकू देत नसे. एकदा एक खेडूत तरुण उंटावर बसून आला आणि अजबाच्या पुढे निघून गेला. सहाबांना ते फार लागले. त्यांच्या चेहऱ्यावरची खंत ओळखून प्रेषितांनी (स.) सांगितले की जगात जे जे वर चढते ते अल्लाह खाली आणतो, हा त्याचा ठरलेला हक्कच आहे. त्या खेडुताच्या उंटाने वाट सोडली का, आधी धाव घेतली का, याची कोणी चौकशी केली नाही. याच्या शेजारी इब्ने अब्दुल-हकम या इतिहासकाराने सांगितलेली दुसरी गोष्ट ठेवावी, तिची सनद पक्की नसली तरी. इजिप्तच्या राज्यपालाच्या मुलाबरोबर एका सामान्य इजिप्ती माणसाने शर्यत लावली आणि तो जिंकला. मुलाने त्याला चाबकाने मारले, मी थोरांचा पुत्र आहे असे म्हणत. इजिप्ती माणूस मदीनेला गेला. माननीय उमर (र.) यांनी राज्यपाल आणि त्याचा मुलगा दोघांना बोलावून घेतले आणि चाबूक त्या इजिप्ती माणसाच्या हाती दिला. पराभव सहन न होणारा माणूस नियम मोडतो, आणि नियम मोडूनही हरला तर हात उचलतो. आपल्या काळात हातात चाबकाऐवजी पिस्तूल आले आहे.

ज्याला उशिरा कळले, त्याने काय करावे? एखाद्या मालकाला शर्यतीनंतर महिन्याने समजले की आपल्या गाडीवानाने त्या दिवशी खिळा वापरला होता. त्याला स्वतःला दोष नाही, पण मिळालेले त्याचे नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहात जुन्या वारशावरून भांडणाऱ्या दोघांची हकीकत आहे. दोघांकडेही पुरावा नव्हता. अग्नीच्या तुकड्याचा इशारा ऐकून दोघे रडू लागले आणि प्रत्येक जण म्हणू लागला, माझा हक्क तू घे. प्रेषितांनी (स.) त्यांना वाटणी करण्यास, रास्त काय ते शोधण्यास, चिठ्ठी टाकण्यास आणि मग एकमेकांना मोकळे करण्यास सांगितले. आपल्या मालकाला तर पुराव्याचीही अडचण नाही, त्याला ठाऊक आहे. ढाल असेल तर ती आयोजकांकडे परत नेता येते आणि कारण चार लोकांसमोर सांगता येते. अलीकडे बक्षीस म्हणून दुचाकी देतात. ती महिनाभर वापरलेली असेल तर तिची आजची किंमत, झालेली घट, हे दोन्ही हिशेबात धरावे लागेल. रक्कम एकदम देणे झेपत नसेल तर हप्ते ठरवावेत. मात्र तो हिशेब ज्याचा क्रमांक हुकला त्याच्या घरी जाऊन, त्याच्या समोर बसून करावा, आणि गाडीवानाला सोबत न्यावे.